उडते यंत्र आणि उडविणाऱ्याची नजर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



ड्रोन या विषयावर बोलण्याची सूचना मला करण्यात आली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा एक साधा मास्तर आहे. परंतु मुख्याध्यापक साहेब म्हणाले, "यंत्राची माहिती विज्ञानाचे सर देतील. तुमच्या घरी जे घडले, ते तुम्ही सांगा." घरी जे घडले ते चारचौघांत सांगण्याजोगे भूषणावह नाही. तरीपण ते सांगितल्याने या सभागृहातील एखाद्या मुलाच्या हातून तशी चूक व्हावयाची टळणार असेल, तर संकोच बाजूला ठेवणे हेच योग्य, असे मला वाटले.

माझा एक भाचा आहे. याच शाळेतून तो दहावी उत्तीर्ण झाला. शिक्षणापेक्षा त्याचे चित्त यंत्रांत अधिक. पुढे तो लग्नसमारंभाची छायाचित्रे काढण्याच्या कामाला लागला आणि पै पै जमवून त्याने एक ड्रोन घेतला. किलोभराहूनही कमी वजनाचे ते यंत्र. गेल्या वर्षी आमच्या मोहल्ल्यात एक लग्न होते. दुपारची वेळ, अरुंद गल्ली, घोड्यावर नवरदेव, पुढे बँड. भाचा एका घराच्या ओट्यावर उभा राहून ड्रोन उडवीत होता. तो मला म्हणाला, "मामू, मी पडद्याकडे पाहतो, तुम्ही जरा ड्रोनवर लक्ष ठेवा."

मी 'हो' म्हटले. आणि नंतर काय केले? ड्रोनकडे न पाहता मीसुद्धा त्याच्या खांद्यावरून पडद्याकडेच पाहू लागलो! चित्रच तसे सुंदर होते. सारी वरात एका नजरेत दिसत होती. अधिक माणसे चित्रात यावीत म्हणून भाच्याने ड्रोन मागे मागे नेला. कॅमेऱ्याचे तोंड पुढे आणि यंत्र चालले मागे. मागे कडुलिंबाचे झाड होते. ते पडद्यावर दिसण्याचे कारणच नव्हते. पडदा एकदम फिरला, आभाळ दिसले, भिंत दिसली आणि सर्व काळे झाले.

ड्रोन शेजारच्या अंगणात पडला होता. तेथे एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. जवळच बाजेवर त्यांचा नातू झोपला होता. बाजेपासून दोन हातांवर ते यंत्र पडले होते आणि त्याचा एक पंखा अजून फिरत होता. खुदाची मेहेरबानी, कोणालाही इजा झाली नाही. आम्ही धावत गेलो, माफी मागितली. त्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भाच्याकडे पाहून एवढेच विचारले, "बेटा, मैं तुमको दिख रही थी क्या?"

भाच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ तर मुळीच नव्हते, कारण पाहण्याचे काम माझ्याकडे दिले होते. मित्रहो, माझे आजचे सारे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

त्या दिवसानंतर मी याविषयी वाचू लागलो, जाणत्या लोकांना विचारू लागलो. तेव्हा कळले की, त्या बाईंनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न जगभरच्या विमानखात्यांनी आधीच विचारून ठेवला आहे आणि त्याचे उत्तर म्हणून एक नियम केला आहे. उडविणाऱ्याने ड्रोन आपल्या नजरेच्या टप्प्यात ठेवावा, असा तो नियम. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनसाठी नियमावली काढली. ती १ डिसेंबर २०१८ पासून अमलात आली. तीत स्पष्ट म्हटले होते की, उड्डाण दिवसाउजेडी करावे, ४०० फुटांच्या वर जाऊ नये आणि यंत्र उडविणाऱ्याच्या दृष्टीसमोर असावे. अमेरिकेत २०१६ च्या ऑगस्टपासून जो नियम लागू आहे, त्याने तर अधिक बारकाईने सांगितले आहे. पाहायचे ते स्वतःच्या डोळ्यांनी. चष्मा चालेल, परंतु दुर्बीण चालणार नाही.

दुर्बिणीला मनाई का? दुर्बिणीने तर अधिक स्पष्ट दिसते! विद्यार्थ्यांनी यावर थोडा विचार करावा. दुर्बिणीतून दूरचे एक ठिकाण मोठे दिसते, पण आजूबाजूचे सारे नाहीसे होते. आणि नियमाला जे हवे आहे ते आजूबाजूचेच. यंत्र कोठे आहे, किती उंचीवर आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, ते कोणत्या दिशेने चालले आहे, आसपासच्या आकाशात दुसरे काही येत आहे काय, आणि खाली कोणाच्या जिवाला वा मालमत्तेला धोका आहे काय, एवढ्या सर्व गोष्टी उडविणाऱ्याला कळल्या पाहिजेत, असे तो नियम म्हणतो. म्हणजे ड्रोन दिसणे ही केवळ सुरुवात झाली. ड्रोनच्या भोवतालचे जग दिसणे, हा त्या नियमाचा खरा अर्थ होय.

आता कोणी म्हणेल, "सर, ड्रोनला तर कॅमेरा असतो. तो आपल्यापेक्षा चांगले पाहतो. मग आपल्या डोळ्यांची गरज काय?" आमचीही हीच समजूत होती. परंतु हिशोब करून पाहा. वर्तुळाचे अंश ३६०. ड्रोनच्या साध्या कॅमेऱ्यात एका वेळी साधारण ८० अंशांचे दृश्य मावते, म्हणजे पाव भागाहूनही कमी. मागे, बाजूला, वर काय आहे ते त्याला ठाऊक नसते. काही यंत्रांना अडथळा ओळखण्याची सोय असते, पण बारीक फांदी, विजेची तार किंवा पतंगाचा मांजा ती प्रत्येक वेळी ओळखीलच, असा भरवसा धरता येत नाही. शिवाय हवेतून आलेले चित्र पडद्यावर उमटण्यास क्षणभर उशीर लागतो. आणि रेडिओ लहरींच्या वाटेत सिमेंटची इमारत आली की, चित्रही जाते आणि ताबाही सुटू शकतो. म्हणूनच यंत्र नजरेआड झाले की पुष्कळदा ते हाताबाहेरही जाते.

नजरेचा टप्पा तरी किती? शाळेत डोळे तपासावयास डॉक्टर येतात, तेव्हा सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता टांगतात. निरोगी डोळ्याला जी बारीक ओळ वाचता आली पाहिजे, तिच्यातील अक्षराची उंची नऊ मिलिमीटरांहून थोडी कमी असते. त्रैराशिकाने काढा. ३० सेंटिमीटर रुंदीचा ड्रोन सुमारे २०० मीटर दूर गेला की, तो त्या अक्षराएवढाच दिसतो. त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे तेथपर्यंत जेमतेम ओळखता येईल. एक किलोमीटरवर तो केवळ एक ठिपका असतो, आणि तोही निरभ्र आकाशात दिसला तर. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुके असते. मे महिन्यात उन्हाने डोळे दिपतात. तेव्हा हा टप्पा आणखी आखूड होतो. आणि सेकंदाला १५ मीटर वेगाने चालणारा ड्रोन दहा सेकंदांत १५० मीटर जातो. आपण बाजूच्या माणसाशी दोन वाक्ये बोललो की तेवढ्यात तो दिसेनासा होण्याच्या बेतात येतो.

नजर सुटल्याने काय होते, याची दोन खरी उदाहरणे सांगतो. २१ सप्टेंबर २०१७ च्या सायंकाळी न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंड येथे एक ड्रोन अमेरिकन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, पण ते सुखरूप उतरले. उडविणारा मनुष्य सुमारे चार किलोमीटर दूर होता. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, टक्कर झाली हे त्याला माहीतच नव्हते! चौकशी करणारे अधिकारी त्याच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा त्याला ते कळले. आपल्या हातून एखाद्याचा जीव जाण्याची वेळ यावी आणि आपल्याला त्याची खबरही नसावी, याहून भयंकर काय असेल?

दुसरे उदाहरण अलीकडचे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस शहराला भीषण वणव्यांनी घेरले होते. कॅनडाहून आलेली विमाने समुद्राचे पाणी भरून आगीवर टाकीत होती. ९ जानेवारीला एका हौशी माणसाने आगीचे दृश्य पाहण्यासाठी वाहनतळाच्या इमारतीवरून ड्रोन सोडला. तो अडीच किलोमीटर दूर गेला, नजरेआड झाला आणि आग विझविणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळला. पंखाला भोक पडले. आतील दोघे बचावले, परंतु घरे जळत असताना ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसवून ठेवावे लागले. त्या माणसाच्या मनात दुष्ट हेतू नव्हता. त्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याला फक्त पाहायचे होते, आणि पाहण्याच्या नादात तो पाहावयाचेच विसरला.

आता आपल्या शहराकडे वळू या. नागपूर हे देशाच्या मध्यावर वसलेले आहे, हे आपण भूगोलात शिकतो. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. म्हणजे आपले आकाश हा पूर्वीपासूनच एक चौरस्ता आहे. आज सोनेगावला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही याच शहरात आहे.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी निघालेल्या ड्रोन नियमांनुसार देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. परंतु विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांपर्यंतच आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रकांची, तर लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी. आपल्या शहराचा फार मोठा भाग विमानतळाच्या १२ किलोमीटरांच्या आतच येतो. तेव्हा "आमचे घर, आमची गच्ची, आम्ही वाटेल ते उडवू" असे नागपूरकराला म्हणता येत नाही. 'डिजिटल स्काय' या सरकारी व्यवस्थेवर नकाशा पाहूनच गच्चीवर चढावे.

याच २०२१ च्या नियमांनी कागदपत्रांचा जाच पुष्कळ कमी केला, ही चांगली गोष्ट झाली. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडविला, तर त्यालाही लागत नाही. मात्र तोच मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडविला की, प्रमाणपत्र हवे. माझा भाचा लग्नवाल्यांकडून पैसे घेत होता आणि त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. यंत्र छोटेसेच आहे, काम मोहल्ल्यातले आहे, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती. मी शिक्षक असूनही चौकशी केली नाही, हा माझा दोष.

या नियमांत आणखी एक कलम आहे. मनुष्य बसलेल्या विमानाला ड्रोनने नेहमी वाट दिली पाहिजे आणि त्याच्यापासून दूर राहिले पाहिजे. वाट कोण देऊ शकतो? ज्याला येणारा दिसतो तो. कामठी रोडवर सायकल चालविणारा मनुष्य डोळे मिटून ट्रकला वाट देऊ शकेल काय? मग पडद्यात डोके खुपसून बसलेला मनुष्य आकाशात विमानाला वाट कशी देणार?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला हे समजावयास अवघड जाऊ नये, कारण आपण नागपूरची मुले आहोत. संक्रांतीला गच्चीवर कोण चढत नाही? पतंग उडविणारा मुलगा चक्रीकडे पाहत नाही. चक्री लहान भाऊ धरतो. याचे डोळे पतंगावर खिळलेले असतात. ढील केव्हा द्यायची, केव्हा खेचायचे, शेजारच्या गच्चीवरून कोणाचा पेच येतो आहे, हे सारे तो डोळ्यांनी ओळखतो. मांजाचा ताण त्याच्या बोटाला पतंगाची खबर देत असतो. १९३४ च्या विमान कायद्याने 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत पतंगालाही बसविले होते, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून नव्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. पण पतंग आणि विमान एकाच आकाशात असतात, ही गोष्ट त्या काळच्या कायदेकारांनी ओळखली होती, एवढे त्यावरून दिसते. ड्रोनला मांजा नाही, बोटाला ताण लागत नाही. म्हणून तेथे डोळ्यांचे काम दुप्पट होते.

परंतु पतंगाकडूनच दुसरा धडाही घ्यावा. "ओ काट!" अशी आरोळी उठली की, मुले वर पाहत धावत सुटतात. गच्चीचा कठडा दिसत नाही, रस्त्यावरची मोटार दिसत नाही. त्यांची नजर पतंगावर आहे, तरीही ती मुले आंधळीच झाली ना? आणि नायलॉन मांजाने वाटसरूचा गळा कापला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो लपूनछपून येतोच. पेच लढविणाऱ्याचे डोळे आभाळात असतात, खालून सायकलवर जाणारा माणूस त्याला दिसत नाही. म्हणून केवळ पडद्याकडे पाहणे जसे चूक, तसे केवळ आभाळाकडे पाहणेही चूक. दोन डोळ्यांनी हे सर्व साधत नसेल, तर शेजारी दुसरा मनुष्य उभा करावा. त्याने चित्र पाहू नये, गप्पा मारू नयेत, फक्त यंत्र आणि परिसर पाहावा. हे काम दिसावयास रिकामपणाचे वाटते. मीही ते तसेच समजलो आणि म्हणून चुकलो.

शहराबाहेर, आपल्या विदर्भाच्या शेतशिवारात तर या नियमाचे मोल अधिकच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती आठवण अजून ओली आहे. पाठीवरचा पंप उतरवून ड्रोनने फवारणी केली, तर विषाच्या तुषारांतून माणसाला चालावे लागणार नाही, ही आशा खरी आहे. पण वावराच्या पलीकडे धुऱ्यावर निंदण करणाऱ्या बाया असतात, शिदोरी घेऊन आलेले पोर असते. वारा फिरला की औषध त्यांच्याकडे जाते. फवारणी करणाराला त्या बाया दिसत नसतील, तर एकाच्या पाठीवरचे विष दुसऱ्याच्या अंगावर गेले, एवढाच फरक पडेल.

नजरेपलीकडील उड्डाण कधीच होऊ नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणातील विकाराबाद येथे ड्रोनने औषधे पोहोचविण्याचा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपुरात विष्णुपूरहून लोकटाक सरोवरातील करांग बेटावर लस पोहोचविली गेली. रस्त्याने २६ किलोमीटर जावे लागे, ते हवेतून १५ किलोमीटर झाले आणि वेळ पाव तासाच्या आत आला. हे मोठे काम होय. परंतु ते खास परवानगीने, मार्ग आखून, तयारीनिशी केलेले प्रयोग होते. तेथेही पाहण्याचे कर्तव्य कोणी सोडले नाही, त्याची दुसरी व्यवस्था केली. आपण गच्चीवरून हौसेने यंत्र दूर धाडतो, तेव्हा तशी कोणतीही व्यवस्था आपल्यामागे नसते.

पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. माझी हकीकत ऐकून मुलांना या यंत्रापासून दूर ठेवू नका. वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण पूर्ण करावे, एवढ्यावर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र मिळते आणि ते दहा वर्षे चालते. जमिनीची मोजणी, शेतीची फवारणी, छायाचित्रण, पुलांची पाहणी अशी कितीतरी कामे यात आहेत. ज्या मुलामुलींची परिस्थिती पुढील शिक्षणाची नाही, त्यांच्यासाठी ही इभ्रतीची रोजी आहे. मुलींनीही यात मागे राहू नये. केंद्र सरकारने महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना २०२३ मध्ये मंजूर केली आहे.

माझ्या भाच्याचे पुढे काय झाले, तेही सांगतो. त्या दिवशी त्याने लग्नवाल्यांचे पैसे परत केले आणि यंत्र पेटीत घालून ठेवले. तीन महिने त्याने ते काढले नाही. नंतर रीतसर शिकून त्याने प्रमाणपत्र घेतले. आता तो कामाला जातो, तेव्हा सोबत एक मुलगा नेतो. पडद्याकडे पाहावयाचे नाही, अशी त्या मुलाला सक्त ताकीद असते. उडविण्यापूर्वी तो आजूबाजूच्या अंगणांतून फिरून येतो आणि घरच्यांना सांगून ठेवतो. मध्यंतरी एकदा मी सहज त्याच्या खांद्यावरून डोकावलो, तेव्हा तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मामू, वर पाहा."

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती हे यंत्र येईल. तेव्हा ते किती उंच जाते, किती दूर जाते, हे विचारण्याआधी स्वतःला त्या बाईंचा प्रश्न विचारा. खाली अंगणात बसलेले माणूस मला दिसत आहे काय? उत्तर 'नाही' असेल, तर यंत्र जवळ घ्या किंवा खाली उतरवा. त्यात कमीपणा नाही.